गूगल डॉक्सवर नववीचं मराठी : सहा महिन्यांनंतर

जूनमध्ये पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या तेव्हा सुरुवात केली, आता डिसेंबर संपतोय. मी पेठेतल्या एका शाळेत नववीला मराठी शिकवते. मुलं 34, लॅबमध्ये चालू कॉम्प्युटर 17, म्हणजे एकेकावर दोघं.

पहिल्या तासाला पालखी सोहळ्याचं वृत्तांतलेखन सगळ्या वर्गाला एकाच फाइलमध्ये दिलं. एका फाइलमध्ये एका वेळी 100 जण लिहू शकतात, मग 34 काय, असा माझा हिशेब. दहाव्या मिनिटाला पान कोरं! कुणीतरी सगळं सिलेक्ट करून उडवलं होतं. व्हर्जन हिस्टरीतून (कुणी, कधी, काय बदललं याची फाइलमधली नोंद) मागची प्रत परत आणली, उडवणाऱ्याचं नावही कळलं. पुढच्या तासाला पानाच्या माथ्यावर मुलांनीच पाटी लावली होती : ‘येथे खोडू नये. खोडणाऱ्याचे नाव दिसते.’ पुण्याचीच मुलं ती. तेव्हापासून चार-पाच जणांचा गट आणि गटाला स्वतंत्र फाइल.

टायपिंगनं जीव काढला. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवताना पाण्याचं ‘पानी’ होतं आणि ‘वारकऱ्यांनी’चा र डोक्यावर चढून ‘वारकर्यांनी’ बसतो. वहीत ही चूक कुणीच करत नव्हतं. शेवटी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कीबोर्डवर आलो. ‘ऱ्य’साठी शिफ्ट दाबून जे, मग पाय मोडायचा, मग य. पहिली वेलांटी हातानं आधी काढतो, इथे अक्षरानंतर. दोन महिने कुरकुर चालली, मग बोटं बसली. घरून जुन्या फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवला की मात्र अजूनही भलतीच चिन्हं उमटतात. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक) म्हणजे काय हे मला त्यानिमित्तानं शिकवावं लागलं.

खरी चूक माझी झाली ती तपासण्यात. लाल पेनाऐवजी ‘सजेस्टिंग’ (मूळ मजकुरावर दुरुस्ती सुचवायची, लिहिणाऱ्यानं ती मान्य करायची) सापडलं म्हणून मी खूश. प्रत्येक वाक्यात दुरुस्त्या सुचवल्या. मुलांनी त्या न वाचता टिक-टिक-टिक करून मान्य केल्या आणि निबंध माझा झाला. आता मी दुरुस्ती करत नाही, कॉमेंटमध्ये फक्त प्रश्न विचारते. एका गटाला विचारलं, ‘दुपारी म्हणजे किती वाजता? तुम्ही उभे कुठे होतात?’ उत्तर आलं, ‘बाई, खरं तर आम्ही गेलोच नव्हतो, यूट्यूबवर बघितलं.’ मग त्यातल्या एकीनं आजीला विचारून लिहिलं. वारकऱ्यांसाठी पहाटेपासून भाकऱ्या थापताना परातीला पीठ कमी पडलं आणि शेजारच्या काकूंनी न मागता डबा आणून ठेवला. ती मुलगी वर्गात तोंड उघडत नाही. हिस्टरीत पाहिलं, तर ते वाक्य तिनं चारदा बदललं होतं. वहीतल्या स्वच्छ प्रतीत मला हे कधीच दिसलं नसतं. उलट एकाचे दीडशे शब्द एका क्षणात अवतरले होते. दादानं लिहून दिले, हे त्यानं लगेच कबूल केलं.

आमचा तास गुरुवारी, आणि पुण्यात गुरुवारी वीज जाणं काही नवं नाही. ऑफलाइनची, म्हणजे नेटशिवाय लिहायची सोय नेट असतानाच चालू करून ठेवावी लागते, हे एक तास वाया गेल्यावर समजलं. तसंही डेस्कटॉपच बंद पडले तर ऑफलाइन काय करणार?

पालकसभेत एक आई म्हणाल्या, ‘दहावीला 80 मार्कांचा पेपर हातानंच लिहायचाय ना?’ बरोबर आहे त्यांचं. म्हणून दिवाळीनंतर पहिला खर्डा वहीत, गटाचं काम फाइलमध्ये आणि शेवटची प्रत पुन्हा वहीत. मुलं वैतागली आहेत, कारण तिसऱ्यांदा लिहायचं. भाकऱ्यांवाल्या मुलीनं मात्र वहीत उतरवताना ते वाक्य पाचव्यांदा बदललं.