रायझन ५ ५६००जी, नऊ महिन्यांच्या वापरानंतर: कार्ड घेणारच नसाल तर

वेगळे ग्राफिक्स कार्ड कधीच बसवायचे नसेल, तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा. ‘कार्ड पुढच्या दिवाळीला बघू’ असे मनात असेल, तर घेऊ नये.

६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट हे आकडे साध्या ५६०० सारखेच दिसतात आणि माणूस तिथेच फसतो. ‘जी’मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे, आणि पीसीआय एक्स्प्रेस (प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणारा मार्ग) ४.० च्या जागी ३.०. उद्या त्यावर आरएक्स ६५०० एक्सटीसारखे चारच लेनचे (डेटाच्या वाटांचे) स्वस्त कार्ड लावले, तर त्या लेनचा वेग निम्मा होतो. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. कार्ड घ्यायचेच असेल त्याने साधा ५६०० बघावा. मात्र त्यात ग्राफिक्स नाही, कार्ड येईपर्यंत स्क्रीन काळीच राहणार.

प्रोसेसरइतकाच विचार रॅमचा करा. आतल्या व्हेगा ७ ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच काम करते. १६ जीबीची एकच स्टिक लावली की बँडविड्थ निम्मी आणि गेमचे फ्रेम धाडकन खाली. ८-८ जीबीच्या दोन घ्या, डीडीआर४ ३२००. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सोय; काही बोर्डांवर डीओसीपी) सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वरच धावत राहते आणि वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली वेग दिसतो, तिथे खात्री करा. यूएमए फ्रेम बफर (ग्राफिक्ससाठी राखलेली रॅम) २ जीबी ठेवला तर विंडोजला १४ च्या आसपास उरते. ‘रॅम कुठे गेली’ म्हणून दुकानदाराशी भांडू नका. एकूण रॅमच ८ जीबी असेल, तर हा आकडा वाढवू नका.

मदरबोर्ड ए५२० चिपसेटचा पुरतो. बी५५० चे जास्तीचे पैसे पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या वेगासाठी जातात, आणि तो वेग या प्रोसेसरला देताच येत नाही. जुन्या साठ्यातला बी४५० स्वस्तात मिळत असेल, तर खोक्यावर रायझन ५००० साठी तयार असल्याचे स्टिकर पाहा. जुना बायोस असला तर बोर्ड चालूच होत नाही. बायोस आधी दुकानातच अपडेट करून घ्या. अशा बोर्डासाठी बेळगावाहून कोल्हापूरला पुन्हा ११० किलोमीटर जाणे परवडत नाही. बायोस नवा हवा याला आणखी एक कारण आहे: विंडोज ११ वर एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्या सुरक्षा सोयीमुळे) आवाज आणि चित्र मधूनच क्षणभर अडखळायचे. २०२२ मध्ये आलेल्या एजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ पासून ते दुरुस्त झाले.

खोक्यातला रेथ स्टेल्थ कूलर बसवताना बोर्डावरचे दोन प्लास्टिकचे ब्रॅकेट काढावे लागतात. ते काढताच मागची प्लेट खाली पडते, तेव्हा मागून हात धरा. चारही स्क्रू तिरप्या जोडीने, प्रत्येकी दोन-तीन फेरे देत आवळा. कूलर काढताना सरळ वर ओढायचे नाही. दोघांमधल्या थंड झालेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटे चालवून बंद करा, प्लग काढा, मग कूलर हलके डावी-उजवीकडे फिरवून उचला.

बेळगावच्या हवेत हा कूलर पुरतो. व्हिडिओ एक्सपोर्ट करताना पंख्याचा आवाज मात्र चढतो. बायोसमध्ये इको मोड ४५ वॅटवर ठेवला की शांत होतो, आणि रोजच्या कामात फरक जाणवत नाही. खानापूरकडची तांबडी माती असो की निपाणीची धूळ, दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, पण पंख्याचे पाते बोटाने धरून. नाहीतर हवेने गरगर फिरून बेअरिंग जाते.

लाईट गेल्यावर मशीन रीस्टार्ट होत असेल, तर दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो. घरच्या इन्व्हर्टरवरचे बटण यूपीएस मोडवर आहे का ते आधी बघा; साध्या मोडमध्ये विजेवरून बॅटरीवर जाणे हळू होते. कार्ड नसलेल्या या मशीनला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. पण अॅक्टिव्ह पीएफसीचे एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) आणि चौकोनी लहरीचा स्वस्त यूपीएस यांचे काही वेळा जमत नाही.

लग्नपत्रिकांचे काम करणाऱ्यांसाठी मात्र वेगळा सल्ला. एका खिडकीत मराठी टायपिंगची श्रीलिपी, दुसरीत कानडीची नुडी, मध्ये डिझाइनचे कोरलड्रॉ असे मराठी-कानडी काम दिवसभर चालत असेल, तर इंटेलचा आय३ १२१०० घ्या. कोअर चारच, पण कोरलड्रॉचे बरेचसे काम एकाच कोअरवर चालते आणि त्याचा एकेक कोअर ५६००जीपेक्षा वेगवान आहे. यूट्यूबचे एव्ही१ (नव्या पद्धतीने आवळलेले) व्हिडिओही तो ग्राफिक्सवर उलगडतो. ५६००जीला ती सोय नाही, ते ओझे कोअरवर पडते. गेममध्ये मात्र त्याचे यूएचडी ७३० ग्राफिक्स व्हेगाच्या मागे राहते. घेताना नावापुढे ‘एफ’ नाही ना, हे दोनदा वाचा: ‘एफ’ म्हणजे ग्राफिक्सच नाही.

५६००जी खोक्याशिवाय, ‘ट्रे’ म्हणून स्वस्तात मिळतो. त्यात कूलर नसतो आणि कंपनीची तीन वर्षांची बॉक्स वॉरंटीही नसते. कूलरचे पैसे धरले की उरणारी बचत बघा आणि दुकानाची वॉरंटी किती महिन्यांची, ते बिलावर लिहून घ्या.