झॅबिक्स 6.0: आठ महिन्यांनंतर, लाल चौकोनासह

झॅबिक्स म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, संपर्क तुटला की लाल दाखवतं. मंगळवारी साडेदहा वाजले तरी मॉनिटरवर 32 च्या 32 पीसी लाल. रात्री लाल असतात ते ठीक, शाखा बंद असतात. पण साडेदहाला? कराड शाखेला फोन लावला.

"मॅडम, नेट चालू आहे का?"

"चालू आहे की. पासबुकं छापतोय. का हो, काय झालं?"

काही नाही म्हणालो आणि मनातल्या मनात झॅबिक्सला शिव्या घातल्या. त्यात लेखा विभागातून तिसऱ्यांदा हाक आली, प्रिंट जात नाहीये. म्हटलं थांबा, इथे घर जळतंय.

आमची पतसंस्था, नऊ शाखा, आयटी विभाग म्हणजे मी एकटा. झॅबिक्स घेतलं ते फुकट म्हणून, दुसरं काही उदात्त कारण नाही. एका विक्रेत्यानं दुसऱ्या सॉफ्टवेअरचं कोटेशन दिलं होतं, दर होस्टमागे, म्हणजे नजर ठेवायच्या दर मशीनमागे, वर्षाचं भाडं. ते वाचून अध्यक्षांनी चष्माच काढून ठेवला. मग अडगळीतला आय-थ्री पीसी काढला, 8 जीबी रॅम, वर उबुंटू. आठ महिने बिनतक्रार चाललाय. ग्राफ, ट्रिगर, मेल, सगळं झकास. त्यावर लिहिणारे खूप आहेत. मला लिहायचंय होस्ट जोडण्यावर, कारण माझे केस तिथे पांढरे झाले.

पहिला पीसी जोडायला मला चार दिवस लागले. होस्टच्या यादीत झेडबीएक्स असा इवलासा चौकोन असतो, लाल झाला की त्यावर माउस न्यायचा, मग चौकटीत एरर दिसतो. माउस जरा हलला की चौकट गायब. मजकूर लांबलचक, कॉपी करायला जावं तर पळतो. सात महिने मी मोबाईलनं त्या चौकटीचे फोटो काढत होतो. गॅलरीत नातीच्या फोटोंपेक्षा हे जास्त. या एका गोष्टीसाठी मी या रिव्ह्यूत दोन तारे कापणार होतो.

कापले नाहीत. गेल्या महिन्यात चुकून चौकोनावर क्लिक झालं आणि चौकट तिथेच चिकटून बसली. मजकूर निवडता येतो, कॉपी होतो. आधीपासून होत होता. असो.

आता एररचं. 111 कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर बहुतेक वेळा एजंटची, म्हणजे त्या मशीनवर बसवलेल्या झॅबिक्सच्या छोट्या प्रोग्रामची, सर्व्हिसच बंद असते, नाहीतर पोर्ट (त्याचं दार) 10050 ऐवजी भलताच. 113 नो रूट टू होस्टच्या नावावर जाऊ नका. आमचा फाइल सर्व्हर पिंगला (आहेस का, या हाकेला) उत्तर देत होता, म्हणजे रस्ता होता. त्याच्यावरचं फायरवॉल नकार देताना असं बोलतं. टीसीपी 10050 उघडला, मिटलं. सगळ्यात वैताग 4 इंटरप्टेड सिस्टिम कॉलचा. याचा साधा अर्थ, तीन सेकंद वाट पाहिली, उत्तर आलं नाही. विंडोजच्या पीसीवर कुणीतरी नेटवर्कवरून आलेलं पाकीट (पॅकेट) गुपचूप गिळतंय, आमच्याकडे ते अँटिव्हायरस निघालं. हा टाइमआउट 30 सेकंदांपर्यंत वाढवता येतो. मी वाढवला होता. दुखणं तसंच राहिलं, फक्त कळायला उशीर लागू लागला. परत तीनवर आणला.

चौकोन हिरवा पण ॲक्टिव्ह आयटेमचा (एजंट स्वतःहून पाठवतो त्या मोजमापांचा) डेटा शून्य, असंही झालं. एजंटच्या फाइलमधलं होस्टनेम आणि झॅबिक्समध्ये टाइप केलेलं नाव अक्षरशः एकच लागतं. इकडे सगळी मोठी अक्षरं, तिकडे फक्त पहिलं मोठं, एवढ्यावर एक आख्खा शनिवार गेला.

मंगळवारी यातलं काहीच नव्हतं. एरर होता, एजंटकडून रिकामं उत्तर आलं, बहुधा परवानगी नसल्यामुळे त्यानं कनेक्शन तोडलं असावं. मी म्हटलं, एकाच रात्री 32 एजंटांची परवानगी कोण काढणार? खोटं बोलतंय. सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला. अकरा वाजता लक्षात आलं की नऊ शाखांचे राऊटर हिरवे आहेत. ते एजंटवर नाहीत, एसएनएमपी या वेगळ्या पद्धतीवर, यूडीपी 161. सर्व्हरचा स्वतःचा होस्टही हिरवा, तो 127.0.0.1 वर (लोकलहोस्ट, म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा पत्ता). म्हणजे रस्ता ठीक, दारातला वॉचमन आत सोडत नाहीये.

रिमोटनं कराडच्या एका पीसीवरचा एजंटचा लॉग उघडला. ओळीवर ओळ तीच: 192.168.10.57 वरून आलेलं कनेक्शन नाकारलं, परवानगी फक्त 192.168.10.20 ला.

57 कोण? आमचाच सर्व्हर. सोमवारी रात्री वीज गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली होती. ती बदलायची फाइल मीच दिवाळीनंतर म्हणून पुढे ढकललेली. राऊटर आणि सर्व्हर दोन्ही पडले, वीज आल्यावर राऊटरनं पत्ते नव्यानं वाटले. सर्व्हरला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी द्यायचा आठ महिने राहून गेला होता. मॉनिटर त्याच मशीनला लावलेला, ब्राउझर लोकलहोस्टवर, त्यामुळे पत्ता बदलल्याचं मला दिसायचं कारणच नव्हतं.

एजंटच्या फाइलमधल्या सर्व्हर या ओळीत (कुणाला आत सोडायचं ते) एका पत्त्याऐवजी आख्खं सबनेट, म्हणजे पत्त्यांचा सगळा गट, देता येतं, म्हणजे असं परत होणार नाही. पण पतसंस्थेत मी ते करणार नाही. आयपी स्टॅटिक केला, 20 च. तरी धड चालेना, कधी हिरवं, कधी लाल. 20 वर आणखी कुणीतरी होतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तशी लेखा विभागाच्या प्रिंटरनं रात्रीच ती धरली होती. पीसी त्याला जुन्या पत्त्यावर शोधत बसलेले.

प्रिंटरला त्याच्या जागी बसवलं. दोन मिनिटांत पीसी एकेक करून हिरवे झाले, आणि लेखा विभागात सकाळपासून अडकलेल्या सतरा प्रिंटा एकदम बाहेर पडल्या. त्यातल्या नऊ एकाच व्हाउचरच्या.