मेटाक्रिटिकचे गुण की स्टीमची टक्केवारी?

व्हिडिओ गेम निवडताना लोक मेटाक्रिटिक ही समीक्षा गोळा करणारी साइट किंवा स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान बघतात. दोन्हीकडे आकडा शंभरापैकी दिसतो, म्हणून गोंधळ होतो. मेटाक्रिटिक समीक्षकांचे गुण शंभराच्या पट्टीवर आणून भारित सरासरी काढते. पाचपैकी चार तारे म्हणजे ८०. कोणत्या समीक्षकाला किती वजन, हे मात्र गुलदस्त्यात. स्टीमवर खेळाडू फक्त अंगठा वर किंवा खाली करतो. तिथले ९० टक्के म्हणजे दहातल्या नऊ जणांनी शिफारस केली, इतकंच. सगळ्यांना नुसता ‘बरा’ वाटलेला गेमही तिथे ९५ गाठू शकतो.

मेटाक्रिटिकची खरी अडचण वेळेची. बऱ्याच समीक्षा गेम बाजारात येण्याआधीच्या प्रतीवर लिहिलेल्या असतात आणि पुढे कितीही पॅच (दुरुस्तीचे अपडेट) आले तरी आकडा सहसा हलत नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’च्या सुरुवातीच्या समीक्षा पीसी आवृत्तीवर होत्या. पीएस४ या सोनीच्या कन्सोलवर तोच गेम इतका अडखळला की सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला. त्यामुळे गुण बघण्याआधी आपला प्लॅटफॉर्म (पीसी की कोणता कन्सोल) निवडा. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ची गंमत वेगळीच: तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनससाठी मेटाक्रिटिकवर ८५ची अट, मिळाले ८४. वाचकाला हा फरक जाणवणारही नाही. ऑब्सिडियनचा बोनस मात्र गेला.

स्टीमवर कंपनीच्या एखाद्या निर्णयाच्या रागातूनही अंगठे खाली जातात. तिथे एकूण टक्केवारीऐवजी गेल्या ३० दिवसांची बघा आणि खेळलेल्या तासांची चाळणी लावा. जुना, पॅच झालेला गेम घ्यायचा असेल तर स्टीमच बरं.