कागद स्वच्छ, भिंती सडलेल्या : पुरात बुडालेली कॅरॅव्हॅन आम्हाला कशी विकली गेली

उत्तर क्वीन्सलँड, नॉर्दर्न टेरिटरी आणि किंबर्ली या ऑस्ट्रेलियाच्या उष्णकटिबंधीय पट्ट्यात फिरण्याचा मोसम म्हणजे मे ते ऑक्टोबर हे कोरडे महिने. उरलेल्या काळात तिथे पाऊस, असह्य उकाडा आणि पाण्याखाली गेलेले रस्ते असतात. त्यामुळे दक्षिणेची थंडी चुकवून कॅरॅव्हॅनसह, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या छोट्या घरासह, उत्तरेला जाऊ इच्छिणारी जोडपी मार्च-एप्रिलमध्ये वापरलेल्या कॅरॅव्हॅनच्या शोधात असतात, आणि ज्यांना खराब माल खपवायचा असतो तेही नेमकी याच दोन महिन्यांची वाट पाहत असतात. 2023 च्या अशाच मोसमाच्या तोंडावर ब्रिस्बेनमध्ये माझी आणि माझ्या पतींची फसवणूक झाली. आमच्या परिचयातील काही मराठी कुटुंबे सध्या अशाच खरेदीच्या विचारात असल्यामुळे तो सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

विकणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे, बोलण्यात अत्यंत सौम्य होते. पत्नीची प्रकृती बिघडल्यामुळे आता प्रवास होत नाही आणि म्हणून मन घट्ट करून गाडी विकावी लागत आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याकडे किंबर्लीतील लेक आर्गाइल या जलाशयाच्या काठी याच कॅरॅव्हॅनसमोर काढलेली छायाचित्रे होती, सर्व्हिसिंगच्या पावत्या नीट क्रमाने लावलेली फाइल होती, आणि मागितली नसतानाही त्यांनी सगळी प्रमाणपत्रे स्वतःहून पुढे ठेवली. किंमत 38,500 डॉलर, म्हणजे बाजारभावापेक्षा किंचितच कमी होती. ती फार कमी असती, तर संशय आला असता, आणि हे त्यांना नेमके ठाऊक होते.

ही सगळी प्रमाणपत्रे खरी होती, आणि फसवणुकीचे मर्म तिथेच आहे. इथे वाहनावर कर्जाचा बोजा आहे का, ते चोरीचे आहे का, किंवा विमा कंपनीने ते निकामी ठरवले आहे का, हे पाहण्यासाठी 'पर्सनल प्रॉपर्टी सिक्युरिटीज रजिस्टर' नावाची राष्ट्रीय नोंदवही आहे. ती 2012 पासून अस्तित्वात आहे. वाहनाचा व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक वाहनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकून केवळ 2 डॉलरमध्ये शोध घेता येतो, आणि शोध घेतल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खरेदी केल्यास नोंद नसलेल्या बोज्यापासून खरेदीदाराला संरक्षण मिळते. त्यांनी दिलेल्या प्रतीवर विसंबून न राहता आम्ही पैसे देण्याच्या दिवशी स्वतः शोध घेतला. नोंद पूर्णपणे स्वच्छ होती. क्वीन्सलँडमध्ये विक्रीच्या वेळी बंधनकारक असलेले सुरक्षा प्रमाणपत्र आणि गॅस जोडणीचे प्रमाणपत्र हेही अस्सल होते.

परंतु यांतला प्रत्येक कागद त्याच्यापुरत्याच प्रश्नाचे उत्तर देतो. नोंदवही मालकी आणि बोजा सांगते. निकामी वाहनांची माहिती मुख्यतः विमा कंपन्यांकडून येते, त्यामुळे ज्या वाहनाचा विमाच नव्हता ते पुरात बुडाले, तर त्याची खबर या नोंदीपर्यंत पोहोचेलच असे नाही. सुरक्षा प्रमाणपत्रात टायर, ब्रेक, दिवे, सस्पेन्शन आणि बाहेरून दिसणारा गंज पाहिला जातो, आतली भिंत उघडली जात नाही. गॅसचे प्रमाणपत्र फक्त गॅसचे. कॅरॅव्हॅनच्या भिंतीत काय आहे, हा प्रश्न यांपैकी कोणताही कागद विचारत नाही. इथल्या बहुसंख्य जुन्या कॅरॅव्हॅनची भिंत म्हणजे हलक्या लाकडाचा सांगाडा, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा आणि आतून पातळ प्लाय. हे लाकूड एकदा भिजून आत ओल कोंडली, की बाहेरचा पत्रा चकचकीत राहतो आणि आतला सांगाडा भुगा होत जातो.

फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस आग्नेय क्वीन्सलँड आणि उत्तर न्यू साउथ वेल्समध्ये आलेला पूर अनेकांना आठवत असेल. 28 फेब्रुवारीला ब्रिस्बेन नदीची पातळी 3.85 मीटरवर गेली होती आणि त्याच दिवशी लिस्मोर शहरात विल्सन्स नदीने 14.4 मीटरचा विक्रम केला होता. घरांच्या अंगणात, नदीकाठच्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये आणि गोदामांत उभी असलेली वाहने त्या पाण्यात गेली. मी मूळची सांगलीची आहे. 2019 च्या महापुरानंतर माहेरच्या भिंतींनी किती काळ ओल धरून ठेवली होती ते मी पाहिले आहे, म्हणून खरेदीपूर्वी मी त्या गृहस्थांना लेखी संदेश पाठवून थेट विचारले होते, की ही कॅरॅव्हॅन कधी पुराच्या पाण्यात होती का. त्यांचे लेखी उत्तर आले : 'कधीही नाही, ती कायम शेडमध्येच उभी होती.'

जूनमध्ये आम्ही निघालो. रोमा, लाँगरीच, विंटन, क्लोनकरी, माउंट आयझा अशा मार्गाने बार्कली हायवेला लागून पुढे स्टुअर्ट हायवेने कॅथरीन, काकाडू आणि डार्विन, आणि शेवटी पश्चिमेला कुनुनुरापर्यंत जायचे, असा बेत होता. माउंट आयझापर्यंत तक्रारीला जागा नव्हती. एक दमट वास मात्र दार उघडताच यायचा, तो आम्ही बंद राहिलेल्या गाडीचा समजत होतो. कॅमुवील ओलांडले, की स्टुअर्ट हायवेला मिळणारा थ्री वेज हा तिठा येईपर्यंत सुमारे साडेचारशे किलोमीटरच्या पट्ट्यात इंधनाची आणि माणसांची सोय म्हणजे वाटेतला बार्कली होमस्टेड हा थांबा. या रस्त्यांवर 53.5 मीटरपर्यंत लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, धावतात आणि त्या समोरून गेल्या, की हवेचा जोरदार धक्का कॅरॅव्हॅनच्या बाजूवर बसतो. मजबूत सांगाडा तो सोसतो. आमच्या कॅरॅव्हॅनची उजवी भिंत प्रत्येक धक्क्यानंतर थोडी अधिक फुगू लागली. डेली वॉटर्सला थांबलो, तेव्हा छत्रीसारखा उघडणारा पडदा, म्हणजे ऑनिंग, ज्या पट्टीवर बसवला होता ती पट्टीच स्क्रूसकट भिंतीतून सुटत होती. तो स्क्रू मी बोटांनी ओढला आणि तो ओल्या भुशासह सरळ हातात आला. त्याच्या पुढे मटारान्काच्या आसपास ब्रेकही एका बाजूला ओढू लागले.

कॅथरीनमध्ये एका दुरुस्ती करणाऱ्याने आमच्या परवानगीने पलंगाखालचा आणि दारालगतचा प्लाय उघडला. खालच्या फुटाभराच्या भागात सांगाडा काळा पडून मऊ झाला होता. त्यावर नवे, वेगळ्याच रंगाचे लाकूड फक्त स्टेपलने जोडले होते. पॉवर पॉइंटच्या मागच्या तारांना हिरवा थर चढला होता, ब्रेकच्या ड्रममधील विद्युतचुंबक गंजले होते, आणि चॅसीच्या, म्हणजे तळाच्या लोखंडी चौकटीच्या, पोकळ आडव्या दांड्यांत टॉर्च मारल्यावर कोरडा, बारीक, पिवळसर गाळ दिसला. त्याने तो चिमटीत धरून आम्हाला दाखवला. 1998 च्या जानेवारीत कॅथरीन शहर स्वतः पुरात बुडाले होते, त्यामुळे नदीचा गाळ कसा असतो हे तिथल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. छतातून गळती झाली असती, तर ओल वरून खाली उतरली असती. इथे कूज खालून वर गेली होती आणि चहूबाजूंनी जवळपास एकाच उंचीवर थांबली होती. खरेदीच्या वेळी आम्हाला कौतुकाने दाखवलेले नवे व्हिनाइलचे फ्लोअरिंग, नुकतेच रंगवलेले खालचे पॅनेल आणि कडांना भरलेले ताजे सिलिकॉन कशासाठी होते, ते तिथे कळले.

त्याच गावात आम्ही कॅरॅव्हॅन वजनकाट्यावरही नेली. पाटीवर रिकामे वजन 1,980 किलो आणि कमाल अनुज्ञेय वजन 2,500 किलो लिहिले होते, म्हणजे सामानासाठी 520 किलो मिळायला हवे होते. सगळे सामान आणि पाणी काढून केलेले प्रत्यक्ष वजन 2,260 किलो भरले. कूज झाकण्यासाठी टाकलेला जाड प्लाय, नंतर बसवलेला एअर कंडिशनर, जादा बॅटरी आणि जादा टाकी यांची कुठेही नोंद नव्हती. उरलेल्या 240 किलोमध्ये दोन टाक्यांचे 180 लिटर पाणी म्हणजे 180 किलो गेले, गॅसचे दोन सिलिंडर भरले आणि डाळ-तांदूळ, कुकर, कपडे ठेवले, की गाडी बेकायदा ठरते. अधिक वजनाने अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि त्या रस्त्यांवर आम्ही तसेच चाललो होतो, हे आठवले की आजही माझा संताप होतो. पैसे गेल्याचे दुःख आहेच, परंतु समोर एका माणसाचा जीव धोक्यात जाणार आहे हे जाणून त्याला हसतमुखाने 'शुभ प्रवास' म्हणणे, याला माझ्याकडे क्षमा नाही.

दुरुस्तीचा अंदाज खरेदीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक आला. विम्याचा उपयोग झाला नाही, कारण जुनी ओल, कूज आणि पॉलिसीपूर्वीचे नुकसान पॉलिसीतून वगळलेले होते. ट्रकवर चढवून ब्रिस्बेनला परत आणण्याचा खर्चही परवडणारा नव्हता. सविस्तर छायाचित्रे, दुरुस्ती करणाऱ्याचा लेखी अहवाल आणि वजनकाट्याची पावती घेऊन आम्ही ती कॅरॅव्हॅन सुट्या भागांच्या भावात, दोष लिहून देऊन, तिथेच विकली. काकाडू आणि कुनुनुरा राहून गेले.

परतल्यावर माझ्या पतींनी व्हीआयएन क्रमांक घेऊन जुने लिलाव आणि जाहिराती शोधायला सुरुवात केली. 2022 च्या मध्यात झालेल्या एका लिलावात हीच कॅरॅव्हॅन चिखलाने माखलेल्या अवस्थेत, 'विमा नसलेली, आहे त्या स्थितीत' या शेऱ्यासह विकली गेली होती. लेक आर्गाइलची छायाचित्रे आधीच्या मालकांची होती, सर्व्हिसिंगच्या पावत्याही त्यांच्याच. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे सापडली. तेच अंगण, मागे तेच लोखंडी फाटक, पण वेगवेगळ्या नावांनी दिलेल्या आणखी कॅरॅव्हॅनच्या जाहिराती होत्या. आजारी पत्नीमुळे गाडी विकणारे हे गृहस्थ प्रत्यक्षात पुराचा माल घेऊन, वरवर सजवून विकण्याचा धंदा करत होते.

कायद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. खासगी व्यक्तीने एखादे वाहन विकले, तर ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्यातील मालाच्या दर्जाची हमी लागू होत नाही, मालकीहक्क आणि न सांगितलेला बोजा यांविषयीचीच हमी राहते. म्हणून व्यापारी स्वतःला खासगी विक्रेते म्हणवतात आणि पावतीवर 'आहे त्या स्थितीत' असे लिहून घेतात. पण विकणारा धंदा म्हणून विकत असल्याचे दाखवता आले, तर दर्जाची हमी लागू होते, मग तो स्वतःला काहीही म्हणवो. आणि विकणारा खरोखरच खासगी असला, तरी जाणूनबुजून दिलेले खोटे उत्तर, ज्यावर विसंबून खरेदी झाली, ते दाव्याला आधार देते. ही दुसरी बाब फार थोड्यांना ठाऊक असते.

कॅरॅव्हॅन घेणाऱ्यांना म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे, की प्रश्न तोंडी विचारू नका. पूर, गळती, अपघात, बदललेले फ्लोअरिंग आणि पॅनेल यांविषयी संदेशातून किंवा ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय विसार देऊ नका. जाहिरातीचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, कारण विक्री झाली की जाहिरात काढली जाते. विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे, तर तुम्ही निवडलेला आणि तुम्हीच फी दिलेला तपासनीस न्या आणि त्याच्याकडे ओल मोजण्याचे यंत्र आहे याची खात्री करा. भिंतीच्या खालच्या कडेला, खिडक्यांच्या कोपऱ्यांत, पलंगाखाली आणि पुढच्या डिकीत ते लावून पाहायला सांगा. एखादा पॉवर पॉइंट उघडून मागची तार पाहायला सांगा. कॅरॅव्हॅनखाली आडवे होऊन चॅसीच्या दांड्यांच्या आत टॉर्च मारणे तर कोणालाही जमते. विकणारा वजनकाट्यावर यायला तयार नसेल, तर तिथेच व्यवहार थांबवा. 'संध्याकाळी दुसरे जोडपे पाहायला येणार आहे' हे वाक्य आम्हालाही ऐकवले गेले होते. ते जोडपे येऊ द्यावे.

आम्ही क्वीन्सलँडच्या नागरी आणि प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. आमचा अर्ज किरकोळ दाव्याचा होता आणि तिथे किरकोळ दाव्यांची सर्वसाधारण मर्यादा 25,000 डॉलर आहे, त्यामुळे त्या अर्जात आमचे संपूर्ण नुकसान मागताच आले नाही. न्यायालयात जायचे, तर वकिलाचा खर्च उरलेल्या रकमेला गिळून टाकणार होता. सुनावणीपूर्वी मध्यस्थीची बैठक झाली. तिथे त्या गृहस्थांनी प्रथम पुराची आपल्याला कल्पनाच नव्हती असे सांगितले, मग लिलावाची नोंद पुढे ठेवल्यावर पावतीवरील 'आहे त्या स्थितीत' या शब्दांकडे बोट दाखवले. त्यांच्या स्वतःच्या संदेशाची छापील प्रत पुढे आली तेव्हा मात्र ते थांबले. मागितलेल्या रकमेपैकी 16,000 डॉलर हप्त्यांनी देण्याचे त्यांनी मान्य केले आणि ते सगळे हप्ते आम्हाला मिळाले आहेत. इतर जाहिरातींचे स्क्रीनशॉट आम्ही राज्याच्या ग्राहक संरक्षण खात्याला, म्हणजे ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगला, तक्रारीसोबत दिले आहेत. 2022 नंतर ब्रिस्बेन परिसरातून वापरलेली कॅरॅव्हॅन घेतलेल्या कोणाच्या फ्लोअरिंगला किंवा खालच्या पॅनेलला असेच ताजे काम दिसत असेल, तर त्यांनी उत्तरेच्या रस्त्याला लागण्यापूर्वी तिचा व्हीआयएन क्रमांक जुन्या लिलावांच्या नोंदींत अवश्य शोधावा.