तासाचा व्यायाम की दिवसभराची ऊठबस?

वृद्धाश्रमाला थोडी देणगी आली आणि आजी-आजोबा दिवसभर बसून असतात ही तक्रार असली, की कमिटीत दोन प्रस्ताव येतात: आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट बोलवा, किंवा एक मावशी जास्तीची ठेवून दिवसाचा क्रमच बदला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या वृद्धाश्रमात आम्ही दोन्ही करून पाहिलं.

फिजिओचा व्यायामवर्ग दिसायला छान. पाऊण तास, खुर्चीत बसून हातपाय, मग कठडा धरून टाचा उचलणं. तो फुकट जातो असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ च्या पुढच्यांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून निदान ३ दिवस सांगितलेत, पडणं टळावं म्हणून. पण बसण्याचा वेळ कमी करा, हे तिथेच वेगळं सांगितलंय. पहाटे ६ ला उठून रात्री ९ ला झोपणारा माणूस १५ तास जागा असतो. त्यातला पाऊण तास गेला, बाकीच्याचं काय? आमच्याकडे तर ‘आज झाला हो व्यायाम’ म्हणत मंडळी दुपारभर जागची हलत नसत. शिवाय जुलैत एसटी अडकली की वर्ग बुडाला.

आपल्या भाषेत ऊठबस करायची म्हणजे पाहुण्याला जागचं उठू द्यायचं नाही. वृद्धाश्रमात नेमकं तेच होतं. चहा खाटेवर, जेवण खाटेवर, आणि कोणी उठू लागलं की ‘आजी, बसा, पडाल!’ मावश्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दोघींनी वीसजणांचं बघायचं तर हात धरून चालवण्यापेक्षा चाकाची खुर्ची ढकलणं लवकर होतं. म्हणून जास्तीची मावशी. चहा पडवीतच, देवाची फुलं ज्यांची त्यांनी काढायची, लसूण सोलायची टोपली टेबलावर आणि सालांची बादली मुद्दाम दाराशी. एक युक्ती साफ फसली: मालिकेत जाहिरात लागली की उभं राहायचं. आजोबा चॅनल बदलायला शिकले.

पण मे महिन्यात आमसुलं घातली तेव्हा मजा आली. सोलं रसात बुडवून अंगणात वाळत घातलेली. पडवीत ‘चार फेऱ्या मारा’ म्हटलं की गुडघे दाखवणाऱ्या एक आजी, वय ८४, दर थोड्या वेळाने काठी घेऊन उठत. कधी सोलं उलटायला, कधी आभाळ बघायला, बहुतेक वेळा ‘मेल्यांनो!’ करत कावळे हाकायला. कावळ्यांइतका नेमाने येणारा फिजिओ मी पाहिला नाही.

तरी कावळ्यांनी सगळं भागत नाही. हात छातीशी धरून, आधार न घेता, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजा. एकदाही जमत नसेल, खुब्याचं हाड मोडून गेलं असेल किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, तर आधी फिजिओच हवा. पायात ताकदच नसेल तर ऊठबस करणार कशी? रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर उठताना खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसून मगच उभं राहायचं, हे मावशीलाही ठाऊक हवं.

मोजण्याआधी खुर्च्या बघा मात्र. बिनहाताच्या बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीतून मलाही धड उठता येत नाही. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जात असतील तर ती खुर्ची काढाच. हे दोन्ही पर्यायांहून स्वस्त.

पावसाळ्यात जांभ्याच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा अंगण बंद आणि सगळा कारभार पडवीत. म्हणून आमचा हिशेब असा ठरला: मावशी बारा महिने, फिजिओ फक्त ज्यांना स्वतःहून उठता येत नाही त्या चौघांसाठी, आणि उरलेल्या पैशांत पडवीला भिंतीच्या कडेने कठडा. तो मिरगाच्या आत लागायला हवा.