एक्सएसएलटीप्रॉक: एक्स्प्रेशन आणि स्ट्रिंग यांतला फरक उघड करणारा प्रोसेसर

एक्सएसएलटी ही एक्सएमएल दस्तऐवजांचे रूपांतर करणारी भाषा शिकताना खरी अडचण टेम्प्लेट, म्हणजे रूपांतराचे नियम, लिहिण्यात येत नाही. अवतरणचिन्हांतली अक्षरे केव्हा मजकूर मानली जातात आणि केव्हा एक्सपाथ (एक्सएमएलमधले भाग निवडण्याची भाषा) एक्स्प्रेशन म्हणून चालवली जातात, हे ओळखण्यात येते. लिबएक्सएसएलटी या सी भाषेतील मुक्त लायब्ररीसोबत मिळणारा एक्सएसएलटीप्रॉक हा कमांड लाइनवरचा प्रोसेसर ही सीमारेषा ठळकपणे दाखवतो, म्हणून अभ्यासासाठी तो मला फार मोलाचा वाटतो.

स्टाइलशीटला, म्हणजे एक्सएसएलटीत लिहिलेल्या प्रोग्रामला, बाहेरून किंमत देण्याचे त्यात दोन पर्याय आहेत: ‘पॅरम’मधून दिलेले एक्स्प्रेशन ठरते, ‘स्ट्रिंगपॅरम’मधून दिलेले निव्वळ मजकूर. रंग या पॅरामीटरला ‘पॅरम’मधून लाल असे दिले, तर प्रोसेसर लाल नावाचा एलिमेंट (त्या नावाच्या टॅगने बनलेला एक्सएमएलचा भाग) शोधू लागतो आणि तो नसल्यास, कोणतीही सूचना न देता, आउटपुटमधली ती जागा रिकामी सोडतो, तेच ‘स्ट्रिंगपॅरम’मधून दिले की लाल हा शब्द जसाच्या तसा उमटतो. स्टाइलशीटमध्ये एक्स्प्रेशन जिथे लिहितात त्या सिलेक्ट अ‍ॅट्रिब्यूटच्या दुहेरी अवतरणांत पुन्हा एकेरी अवतरणे का लागतात, ते एवढ्यावरून लख्ख कळते. मजकुरात दोन्ही प्रकारची अवतरणे असतील, तर मात्र ‘स्ट्रिंगपॅरम’ तो नाकारतो, कारण आतून तोही मजकुराला अवतरणे लावून एक्स्प्रेशनच बनवतो आणि एक्सपाथ १.० मध्ये अवतरणचिन्ह एस्केप करण्याची सोयच नाही.

एलिमेंटची स्ट्रिंग व्हॅल्यू म्हणजे त्याच्या पोटातले सगळे टेक्स्ट नोड (मजकुराचे तुकडे) दस्तऐवजातील क्रमाने जोडून होणारा मजकूर. त्यामुळे नाव आणि लेखक हे एलिमेंट असलेल्या पुस्तकाची व्हॅल्यू काढली, तर मधल्या ओळी आणि मोकळ्या जागाही सहसा सोबत येतात आणि जादा मोकळ्या जागा काढणारे नॉर्मलाइझ-स्पेस हे फंक्शन वापरावे लागते.

या साधनाची मोठी मर्यादा अशी, की ते एक्सएसएलटीच्या १९९९ च्या आवृत्ती १.० वरच थांबले आहे. २००७ ची २.० आणि २०१७ ची ३.० त्यात चालत नाही. अनेक नोड निवडणारे एक्स्प्रेशन कॉन्कॅट या मजकूर जोडणाऱ्या फंक्शनला दिले, की हा प्रोसेसर मानकाप्रमाणे पहिल्याच नोडची स्ट्रिंग घेऊन बाकीचे गुपचूप सोडून देतो, तर ३.० च्या स्टाइलशीटमध्ये सॅक्सन हा नव्या आवृत्त्या चालवणारा दुसरा प्रोसेसर तिथेच टाइपची चूक दाखवून थांबतो. नव्या कामासाठी मी सॅक्सनच निवडेन, १.० मधल्या जुन्या स्टाइलशीट सांभाळणाऱ्यांनी मात्र एक्सएसएलटीप्रॉक हाताशी ठेवावा.