क्रीडा कायदा आणि नीतिमत्ता ऑनलाइन शिकायचं, तर लाइव्ह बॅच की रेकॉर्डेड कोर्स?

मुंबईत नोकरी किंवा प्रॅक्टिस सांभाळून क्रीडा कायदा शिकायचा म्हटलं की बहुतेक दोनच पर्याय हाती उरतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड-दीड तासाची लाइव्ह बॅच, हजेरीसकट. नाहीतर रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, सवडीनं बघायची आणि प्रत्येक भागाखालची क्विझ सोडवायची. मी दोन्ही प्रकार पैसे भरून केले आहेत. विषयांची यादी दोन्हीकडे जवळपास सारखीच असते, फी कोणत्याही माहितीपत्रकात दिसते, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. एक गैरसमज मात्र आधीच दूर केलेला बरा. यातल्या कशानंही सनद मिळत नाही. ऑनलाइन एलएलबीला बार कौन्सिलची मान्यता नाही, आणि क्रीडा कायद्याचं प्रमाणपत्र तर एलएलबी नव्हेच.

रेकॉर्डेड कोर्सची बाजू मुंबईत भक्कम आहे, हे मान्य करायलाच हवं. फोर्टमध्ये वकिली करणाऱ्याच्या कॉन्फरन्स, म्हणजे अशिलांबरोबरच्या बैठका, कोर्ट उठल्यावर सुरू होतात आणि आठ-साडेआठपर्यंत चालतात. लाइव्ह तासाची वेळ नेमकी तीच. प्रशिक्षकाच्या संध्याकाळी मैदानावर जातात आणि शनिवार-रविवार सामन्यांत, म्हणजे वीकेंडची बॅचही त्याच्या कामाची नाही. फिजिओंचं साधारण तेच. लोकलमध्ये बसून, म्हणजे बहुधा उभं राहून, व्याख्यान ऐकता येतं. मात्र ऑडिओ आधी डाउनलोड केलेला हवा, कारण मधल्या पट्ट्यात नेटवर्क जातंच, आणि दीडपट वेगानं ऐकलं तर एका फेरीत एक भाग संपतो. लोकलमध्ये निवाडा वाचायचा प्रयत्न करू नये. कॅसचा (आंतरराष्ट्रीय क्रीडा लवाद न्यायालयाचा) चाळीस-पन्नास पानांचा निवाडा फोनवर वाचून काही हाती लागत नाही. त्याची प्रिंट काढावी किंवा तो रविवारसाठी ठेवावा.

शिवाय या विषयातला मोठा भाग शिळा होत नाही. करार संपलेल्या फुटबॉलपटूला बदली शुल्काविना क्लब बदलायची मुभा देणारा १९९५ चा बोसमन निकाल आहे तसा आहे. क्रिकेट मंडळ राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ खाली 'राज्य' नाही, पण अनुच्छेद २२६ खाली त्याच्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं, हे झी टेलिफिल्म्स प्रकरणातलं २००५ चं सूत्र आजही पायाचा दगड आहे. शरीरात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की हेतू सिद्ध न करताही उल्लंघन ठरतं, हे उत्तेजकविरोधी कायद्याचं मूळ तत्त्वही बदललेलं नाही. एवढं शिकायला चांगल्या वक्त्याचं जुनं रेकॉर्डिंग पुरतं, आणि न समजलेला भाग तीनदा मागे नेऊन ऐकता येतो, जे लाइव्ह तासात शक्य नसतं.

घोडं अडतं ते क्विझपाशी. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

प्रश्न साधा असतो: जागतिक उत्तेजकविरोधी संहितेनुसार नियमभंगाचे प्रकार किती? २०१५ च्या संहितेत दहा होते. २०२१ च्या संहितेत अकरावा आला, तक्रार करणाऱ्याला धमकावणं किंवा त्याच्यावर सूड उगवणं. रेकॉर्डिंग जुनं असेल तर उत्तरसूचीत दहा, आणि अकरा लिहिणाऱ्याला शून्य. पुढचा प्रश्न कोकेनचा. २०२१ पासून कोकेनसारखी द्रव्यं स्पर्धेबाहेर आणि खेळाशी संबंध नसताना घेतल्याचं खेळाडूनं दाखवलं, तर बंदी तीन महिन्यांची, आणि मान्य उपचार पूर्ण केले तर ती एका महिन्यावर येऊ शकते. जुन्या उत्तरात ही सोयच नाही. म्हणजे पास व्हायचं तर कालचा कायदा लिहायचा आणि अशीलाला सांगताना आजचा आठवायचा. व्याख्यान शिळं असलं तर शेजारी टीप लिहून भागवता येतं. पण गुण देणारी यंत्रंच शिळी असतील तर विद्यार्थी हळूहळू चुकीचं उत्तर पाठ करतो, आणि त्रास होतो तो या सवयीचा. तक्रार नोंदवली की 'पुढील आवृत्तीत दुरुस्त करू' असं शिष्ट उत्तर येतं. उत्तरसूची तशीच राहते.

भारताच्या बाबतीत हा प्रश्न २०२५ पासून आणखी वाढला आहे. २०११ ची राष्ट्रीय क्रीडा संहिता हा वर्षानुवर्षं अभ्यासक्रमाचा कणा होता. २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात क्रीडा मंडळ आहे, न्यायाधिकरण आहे, निवडणुकांवर देखरेख करणारी व्यवस्था आहे. त्याच वर्षी ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, मग त्यात कौशल्य असो वा नशीब. मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये फॅन्टसी खेळाला कौशल्याचा खेळ मानलं होतं. 'कौशल्य म्हणून कायदेशीर' एवढ्यावरच थांबणारं व्याख्यान आज ऐकणाऱ्याची दिशाभूल करतं. धावपटू कॅस्टर सेमेन्याचं, महिला गटातल्या टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेवरचं प्रकरण आणखी फसवं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या २०२३ च्या निकालात भेदभाव झाल्याचं म्हटलं होतं. २०२५ मध्ये मोठ्या पीठानं तो मुद्दा अधिकारक्षेत्राबाहेर ठेवला आणि फक्त सुनावणी न्याय्य झाली नाही एवढंच मान्य केलं. २०२४ मध्ये रेकॉर्ड झालेला भाग इथे अर्ध्यातच थांबलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला ते कळायचा मार्ग नाही.

लाइव्ह बॅचमध्ये यातलं बरंचसं आपोआप सुटतं. शिकवणारा त्या आठवड्यात तेच काम करत असतो, त्यामुळे निदान 'हे बदललंय' एवढं तरी तो सांगतो. त्याहून मोठा फरक लेखी सरावात पडतो.

पृथ्वी शॉचं उदाहरण घ्या, मुंबईत ते वर्गात निघतंच. २०१९ मध्ये त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याचं औषध घेतल्याचा खुलासा क्रिकेट मंडळानं स्वीकारला आणि आठ महिन्यांची बंदी मागील तारखेपासून लागू केली. टर्ब्युटालिन हे 'विशिष्ट' गटातलं द्रव्य, म्हणजे कामगिरी वाढवण्याखेरीज दुसऱ्या कारणानं घेतलं जाण्याची शक्यता जास्त असलेलं. हेतू नसेल तर सुरुवात दोन वर्षांपासून होते, आणि लक्षणीय दोष नसल्याचं खेळाडूनं सिद्ध केलं तर शिक्षा नुसत्या ताकिदीपासून दोन वर्षांपर्यंत कुठेही बसू शकते. प्रश्न असा की त्या पट्टीवर नेमकं कुठे? कॅसनं २०१३ मध्ये टेनिसपटू चिलिचच्या प्रकरणात दोषाच्या तीन पायऱ्या आखल्या: हलका दोष शून्य ते आठ महिने, मध्यम आठ ते सोळा, गंभीर सोळा ते चोवीस. २०१५ च्या संहितेनंतर २०१७ च्या टेनिसपटू एरानीच्या प्रकरणात दोनच पायऱ्या उरल्या, बारा महिन्यांच्या अलीकडे हलका आणि पलीकडे मध्यम. कारण सरळ आहे: दोष गंभीर असेल तर 'लक्षणीय दोष नाही' हा बचावच उभा राहत नाही. शॉचे आठ महिने पहिल्या मापानं नेमके उंबरठ्यावर येतात, दुसऱ्या मापानं आरामात हलक्या भागात. क्रिकेट मंडळानं या मापांनी शिक्षा ठरवली असं म्हणणं नाही. सरावाला मात्र हे उदाहरण उत्तम. खेळाडूनं लेबल वाचलं का, डॉक्टरला आपण खेळाडू आहोत हे सांगितलं का, त्याचं वय आणि अनुभव किती, यावर महिने वर-खाली होतात. हे चार पर्यायांच्या क्विझमध्ये बसवता येत नाही. आठशे शब्दांचं उत्तर लिहून त्यावर कुणीतरी लाल शाई फिरवावी लागते.

मुदतीचंही तसंच. कॅसमध्ये अपील २१ दिवसांत, हे सगळ्यांना पाठ असतं. चुका पुढे होतात. पहिली चूक, संघटनेच्या स्वतःच्या नियमांत वेगळी मुदत आहे का हे न बघणं. २१ दिवस लागू होतात ते तशी मुदत नसेल तेव्हा. दुसरी चूक सविस्तर निवेदनाच्या दहा दिवसांची. ते अपील दाखल केल्यापासून मोजत नाहीत, अपिलाची मुदत संपल्यापासून मोजतात. निर्णय १ मार्चला मिळाला तर अपिलाची मुदत २२ मार्चला संपते आणि निवेदनाची १ एप्रिलला, अपील १० मार्चलाच टाकलेलं असलं तरी. चुकीनं २० मार्च धरणारा आपल्या हातचे बारा दिवस घालवतो. आणि निवेदन आलंच नाही तर अपील मागे घेतल्याचं समजलं जातं. क्विझमध्ये '२१ दिवस' हे उत्तर बरोबर येतं आणि ही गल्लत तशीच राहते. लेखी तारीखवार तक्ता तपासणाऱ्याच्या मात्र ती लगेच नजरेत येते.

नीतिमत्तेच्या भागाबद्दल माझं मत थोडं टोकाचं असेल, पण एकट्यानं ऐकून तो विषय नीट होत नाही. द्रव्य बंदी यादीत घालायला तीनपैकी दोन निकष पुरतात: कामगिरी वाढण्याची शक्यता, आरोग्याला धोका, आणि खेळाच्या मूल्यांना बाधा. तिसऱ्या निकषाचा अर्थ काय, हे वर्गात दहा जणांना विचारलं की दहा उत्तरं येतात, आणि तिथून अभ्यास सुरू होतो. ऑलिंपिकच्या अंतिम लढतीआधी कुस्तीपटू विनेश फोगटचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि ती अपात्र ठरली, तेही तसंच. २०२४ मध्ये कॅसनं अर्ज फेटाळला, पण नियमाचे परिणाम अतिकठोर आहेत हे निवाड्यातच नोंदलेलं आहे. नियम स्पष्ट आणि तरी अन्यायकारक असू शकतो का, यावर कुस्तीचा प्रशिक्षक आणि कंपनीचा वकील एकाच तासात बोलले तर दोघांचंही भलं होतं. रेकॉर्डेड कोर्समधल्या चर्चेच्या पानावर बहुतेक वेळा गुणांपुरती दोन वाक्यं असतात.

लाइव्ह बॅचचे दोष लपवत नाही. शिकवणारा वकील असेल तर त्याचं बोर्ड, म्हणजे कोर्टातली त्या दिवसाची प्रकरणांची यादी, लांबतं आणि तास ऐनवेळी रविवारी सरकतो. जुलैत पावसानं गाड्या थांबल्या की अर्धी बॅच प्लॅटफॉर्मवरून हजेरी लावते, कॅमेरा बंद. एखादा बोलघेवडा विद्यार्थी वीस मिनिटं खातो. सहा महिन्यांची बॅच सातव्या महिन्यातही चालू असणं यात नवल नाही. आणि बॅच साठ जणांची असेल तर ती नावापुरतीच लाइव्ह; सगळे म्यूट, शेवटी दोन प्रश्न, लेखी उत्तरावर नुसती टिकमार्क. माझ्या अंदाजानं पंचवीसच्या वर गेली की लाइव्हचे पैसे वसूल होत नाहीत. तशा बॅचपेक्षा स्वस्त रेकॉर्डेड कोर्स बरा, हे मी बिनधास्त सांगेन.

प्रशिक्षक किंवा फिजिओला फक्त उत्तेजकांचा भाग हवा असेल तर दोन्हीवर खर्च करायची गरज नाही. वाडाचा (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचा) एडेल हा शिक्षणमंच फुकट आहे. (वाडा आणि तिची भारतातली संस्था नाडा ही नावं मराठी कानाला कधीच गंभीर वाटणार नाहीत, त्याला इलाज नाही.) ज्याची वकिली चालू आहे आणि जो कायद्यातले बदल स्वतः टिपून ठेवतो, त्यालाही रेकॉर्डेड पुरेल, त्यानं क्विझकडे पास होण्याइतकंच लक्ष द्यावं. कॅसचे प्रसिद्ध केलेले निवाडे त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. क्रमांकात मधलं 'ए' म्हणजे अपील आणि 'ओ' म्हणजे मूळ दावा. धावपटू दुती चंदचं प्रकरण २०१४/ए/३७५९ असं शोधायचं. वाचताना आधी शेवटचं आदेशाचं पान, मग गुणदोषांचा भाग, आणि प्रक्रियेचा इतिहास सगळ्यात शेवटी. उलट, ज्याला खेळाडूला किंवा संघटनेला लेखी सल्ला द्यायचा आहे आणि ज्याचं लिखाण तपासणारं दुसरं कुणी नाही, त्यानं संध्याकाळची थोडी ओढाताण सोसून छोटी लाइव्ह बॅच बघावी, असं मला वाटतं.

पैसे भरण्याआधी चौकशी फोनवर नको, लेखी करावी. रेकॉर्डिंगचं साल विचारावं, आणि उत्तरसूची शेवटची कधी बदलली हे वेगळं विचारावं, कारण व्याख्यान नवं आणि क्विझ जुनी हा प्रकार सर्रास असतो. नमुना क्विझ मागून नियमभंगाच्या प्रकारांचा प्रश्न बघितला तर एका मिनिटात अंदाज येतो. लाइव्हवाल्यांना बॅचची कमाल संख्या, लेखी कामं किती, ती तपासतं कोण, आणि चुकलेल्या तासाचं रेकॉर्डिंग किती दिवस राहतं हे विचारावं. हजेरीची अट पंचाहत्तर टक्के असेल तर रेकॉर्डिंग बघितलेलं हजेरीत धरतात का, हेही.

यंदा प्रवेश घेणाऱ्यानं आणखी एक विचारावं. उत्तेजकविरोधी संहितेची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२७ पासून लागू होते. त्याआधी घडलेल्या उल्लंघनाला साधारणपणे जुनेच नियम लागतात, पण नवे नियम खेळाडूला सौम्य पडत असतील तर त्याला त्यांचा फायदा मिळू शकतो. म्हणजे काही काळ दोन्ही संहिता शेजारी ठेवून काम करावं लागणार. लाइव्ह बॅचमध्ये शिकवणाऱ्याला हे टाळताच येणार नाही. रेकॉर्डेड कोर्सवाल्यांना एवढंच विचारावं: उत्तेजकांचे भाग पुन्हा रेकॉर्ड करणार का, कोणत्या महिन्यात, आणि तोवर क्विझमध्ये कोणतं उत्तर बरोबर धरणार?